पोटाशी शिवलेला हात

वनिता, आज केनवडला तुझी तेरवी आहे. तुझ्या भासऱ्यांनी, म्हणजे आमच्या यांनी, सकाळीच मला फोन केला. वरणात मीठ किती टाकायचं ते आचारी विचारतोय म्हणे. आता जावेच्या तेरवीच्या वरणाचं मीठ मी अकोल्याच्या दवाखान्यात बसून सांगू का? सांगितलं बाई. फोन ठेवला आणि पुन्हा तुझ्या लेकीच्या खाटेजवळच्या स्टुलावर येऊन बसले. समू झोपली आहे. तिचा उजवा हात अजून तिच्या पोटाशीच शिवलेला आहे. डॉक्टरीणबाई मघाशी येऊन गेल्या, कातडी गुलाबी आहे म्हणाल्या. तुला दुसरं काहीच ऐकायचं नसणार, म्हणून हे आधी सांगून टाकते.

लिहायला बसलं की माझी भाषा शाळेतल्या मॅडमसारखी होते, त्यावर तू नेहमी हसायचीस. अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून तशी सवय लागली, काय करू. हसून घे. मी काही तुझे गुण गायला बसले नाही. तुझ्यावर राग आहे माझा, आणि तो ज्याच्यापुढं काढावा असं माणूस या वार्डात एकही नाही.

मी तुझं तोंडसुद्धा पाहिलं नाही, वनिता. इतकी वर्षं एका अंगणात काढली. तुझी चूल इकडं, माझी तिकडं, रोज सकाळी तुझं तोंड पाहून माझा दिवस उजाडायचा आणि निम्म्या वेळा त्या तोंडाशी भांडूनच उजाडायचा. आणि शेवटी तुला हिरवी साडी कोणी नेसवली, ओटी कोणी भरली, मला काही माहीत नाही. मी त्या वेळी तुझ्या लेकीला चमच्यानं खिचडी भरवत होते.

सगळं त्या रोडग्यांपासून सुरू झालं. समू तेव्हा जेमतेम चार वर्षांची. तुझ्या माहेरी शेतातल्या देवाला गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून कणकेचे रोडगे केले होते. पंगत उठली, गोवऱ्यांतून रोडगे काढून घेतलेले, मागं नुसता राखेचा ढीग. वरून पांढरी, थंड दिसते ती राख. आपल्याकडं लहानथोर सगळ्यांना ठाऊक असतं की ती आतून दुसऱ्या दिवसापर्यंत धगधगते, तरी पंगतीच्या गडबडीत लक्ष कोणाचं असतं? पोरगी पळता पळता अडखळली आणि उजवा हात मनगटापर्यंत त्या राखेत गेला.

तू तिचा हात पाण्यात घातलास. मग लेकराला जाडंभरडं कापड टोचू नये म्हणून आपली जुनी मऊ सुती साडी फाडलीस आणि पाचही बोटं एकत्र, मूठ वळवून, गुंडाळून टाकलीस. गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं, त्यानंही वरून लावून पुन्हा तसंच गुंडाळलं. एकेक बोट वेगळं बांधायचं असतं हे कोणी सांगितलंच नाही. जखम भरली तेव्हा बोटं एकमेकांना आणि तळव्याला धरून बसली होती. ती काही उघडली नाहीत.

मीही तसंच बांधलं असतं गं. केनवडच्या कोणत्याही बाईनं तसंच बांधलं असतं. एवढं एक वाक्य तुला म्हणायचं होतं. पाण्याच्या पाळीवरून, कोंबड्यांवरून, कोणाच्या लेकरानं कोणाचा कप फोडला त्यावरून आपण इतकं बोललो, आणि हेच तेवढं बोलायचं राहिलं. आता म्हटलं तर ऐकायला कोण आहे?

मग गेल्या साली शाळेत तपासणीला डॉक्टर आले आणि म्हणाले, हा हात सोडवता येतो, अकोल्याला दाखवा. तू त्या दिवशी रिसोडचा बाजार अर्धा टाकून घरी आलीस. अंगणात पाय ठेवत नाहीस तोच शेजारची कौसाबाई सुरू झाली, "प्लास्टिक बसवतात म्हनते ना वं? चुलीजवळ गेली तं वितळन."

"प्लास्टिक नाई मावशी, तिचंच कातडं राह्यते. अठलं उचलून तठी लावतात."

"अन् अठी काय लावतात मंग?"

तू हसलीस, मी नाही हसले. मी तुला सरळ सुनावलं होतं. "चालते ना पोट्टीचं! डाव्या हातानं लिहिते, वर्गात दुसरी येते. कायले चिरफाड करतं? भूल देल्ली अन् उठलीच नाई तं?"

"अन् तशीच ठेवली तं?"

"लग्नाची चिंता आतापासूनच करून राह्यली काय?"

"लग्नाचं मरू द्या, बाई," तू म्हणालीस. "शाळेत प्रार्थना झाली का सारे लेकरं टाळ्या वाजवतात. हे हात मांगं लपवून उभी राह्यते. म्या पाह्यलं खिडकीतून."

त्यावर खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी म्हटलं, टाळीसाठी कोणी लेकराचा जीव पणाला लावते काय? तू माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी मलाच सोबत घेऊन एसटीत बसलीस. म्हणालीस, डॉक्टरले उलटं विचाराले कोनी तरी पाह्यजे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी काही झाकून ठेवलं नाही. बोटं मोकळी केली की आतल्या शिरा उघड्या पडतील, त्यावर पातळ कातडी टिकणार नाही. म्हणून मांडीच्या वरची, पोटाखालची जाड कातडी उचलायची, पण पूर्ण कापून काढायची नाही. एका बाजूनं ती पोटाला जोडलेलीच ठेवायची आणि हात तिच्याखाली घेऊन शिवून टाकायचा. तीन आठवडे हात तिथंच राहील. तोवर हाताचं स्वतःचं रक्त त्या कातडीत खेळायला लागेल, मग कापून हात मोकळा करायचा. मधेच ओढ बसली, पीळ बसला, तर कातडी काळी पडेल आणि सगळं वाया जाईल. पू होऊ शकतो. हात नीट बसला तरी फुगीर दिसेल, पुढं आणखी एकदा चिरून पातळ करावा लागेल. वर्षभर व्यायाम, आणि एवढं करून सगळी बोटं सरळ होतीलच असं नाही.

मी ऐकता ऐकताच तुझा पदर ओढत होते, चल म्हणून. तुझं आपलं एकच. "मॅडम, टाळी वाजन का?"

त्यांनी समूचा हात उलटापालटा करून पाहिला. "वाजेल," त्या म्हणाल्या. "आवाज थोडा बसका येईल." तू तिथल्या तिथं सही केलीस.

ऑपरेशन चांगलं झालं, तुमी हरल्या बाई, असं तू मला फोनवर सांगितलंस. पहिल्या दिवसांत इथं तूच होतीस. खाटेखाली चटईवर झोपायचीस आणि तुझ्या पदराचं टोक तिच्या डाव्या मनगटाला बांधायचीस. तिनं झोपेत कूस बदलली की पदर ओढला जायचा आणि तू उठून बसायचीस. मी सोयाबीन काढायच्या वेळी तुला सुटी द्यायला आले, तेव्हा तू मला दुभती म्हैस सोपवावी तशी पोरगी सोपवलीस. कोपराखाली उशी ठेवजा. पट्टीले वास आला तं लगेच सिस्टरले सांगजा. खाजवलं तं बोट लावू देऊ नोका, फुंकर मारजा. कातडी गुलाबी पाह्यजे, जांभळी दिसली का पळत जाजा. मी म्हटलं, अवं हो, मीही दोन लेकरं वाढवली. तू जाताना बाहेरच्या वऱ्हांड्यात छाती चोळत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "पित्त झालं, दुसरं काय."

माझा राग इथं आहे, वनिता. डॉक्टरांनी भरलेल्या इमारतीत उभी राहून तू पित्ताची गोळी गिळलीस! पोरीच्या कातडीचा रंग तासातासाला बघायचीस, तुझ्या स्वतःच्या तोंडाचा रंग उडाला होता तो तुला दिसला नाही? आणि मला दिसला होता की नाही, याचा मी इथं बसून रोज विचार करते. चहा पाजला आणि एसटीत बसवलं तुला.

तू घरी पोचलीस, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रिसोडच्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच गेलीस. तुझ्या भासऱ्यांचा फोन आला तेव्हा मी समूला दूध ओतून देत होते. वऱ्हांड्यात जाऊन ऐकलं, नळावर तोंड धुतलं आणि परत आले. पोरगी म्हणाली, "मोठी माय, डोळे काहून लाल झाले तुहे?" मी म्हटलं, साबण गेला.

थोड्या वेळानं समूच्या बाबांचा, प्रकाशभाऊंचा फोन आला. त्यांना धड बोलता येत नव्हतं. "वहिनी, तिले सांगू नोका. तिनं झटका देल्ला तं हात तुटन. तिचा हात गेला तं वनितीनं केलं ते सारं मातीत जाईन." डॉक्टरीणबाईंना विचारलं, दोन तासांसाठी तरी नेता येईल का? त्या म्हणाल्या, गाडीच्या एका हिसक्यानं होत्याचं नव्हतं होईल. सांगायचं की नाही ते तुम्ही घरच्यांनी ठरवा, पण तिला फार दिवस अंधारात ठेवू नका. म्हणजे नेता येत नाही, सांगता येत नाही आणि न सांगून भागत नाही. कोंडवाड्यात घातल्यासारखं झालं मला. पोरीचा हात पोटाला शिवलेला, आणि मी तिच्या खाटेला.

दिवसभर फोन. कोणी म्हणे, लेकीले मायचं तोंड नाई दाखवलं, जन्मभर बोल लावन ते तुमाले. कोणी म्हणे, खबरदार सांगितलं तर. माझा एक चुलत पुतण्या म्हणाला, काकू, व्हिडिओ कॉल लावतो, तू तरी पाहून घे. मी नको म्हटलं. खाटेवरून पोरगी माझ्याकडं टक लावून बघत होती. त्या मोबाईलमध्ये तुला बघून मी काय तोंड घेऊन तिच्यासमोर बसले असते?

तुझं सुतकसुद्धा मला पाळता आलं नाही. डोक्याला तेल लावलं, टिकली लावली, कारण पहिल्या दिवशी टिकली राहिली तर समूनं लगेच विचारलं होतं. बाजूच्या खाटेवरच्या बाईनं पोहरादेवीचा प्रसाद दिला, तोही नाही म्हणता आलं नाही, कपाळाला लावून खाल्ला. तुला अग्नी प्रकाशभाऊंनी दिला, डोकं-मिशी उतरवली, म्हणजे आता बापाला लेकीसमोर येण्याची सोय राहिली नाही. व्हिडिओवर आले तेव्हा डोक्याला रुमाल आणि त्याचं टोक नाकापर्यंत ओढलेलं. "बाबा, रुमाल काहून बांधला? घरातच तं हायेस," ती म्हणाली. ते म्हणाले, सोयाबीनचा भुसा उडते. आणि फोन कट केला.

आणि मग मी एक घोळ घातला. तू घरी पोचल्यावर संध्याकाळी माझ्या मोबाईलवर एक मेसेज बोलून पाठवला होतास. तेव्हा समू झोपली होती, म्हणून तिला ऐकवायचा राहिला. चौथ्या-पाचव्या दिवशी ती काही केल्या जेवेना. मायशी बोलल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाली. मला दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, तुझ्या मायचा मेसेज आला बघ, आणि तो लावला.

"समू, हात हालवू नोको बरं माय. मोठ्या मायले त्रास देऊ नोको. सोयाबीन झालं का मी येतो. परवा येतो."

तुझा आवाज असा आला की तू बाहेर चपला काढत असशील असं वाटलं. पोरीनं दोन वेळा ऐकला आणि ताट रिकामं केलं. मला वाटलं, जमलं. पण "परवा" म्हटलं होतंस तू! तो परवा आला. दाराशी चप्पल वाजली की ती मान वळवायची. मी म्हटलं, पाऊस झाला, सोयाबीन भिजलं, थांबावं लागलं. मग म्हटलं, एसटी बंद आहे. मग म्हटलं, घसा बसला, बोलता येत नाही. ती रोज मेसेज लावायला सांगायची आणि मी रोज लावायचे. तुझ्या तोंडून मी तिला रोज परवाचा वायदा देत होते. मला तर तुझ्या आवाजाची धास्ती बसली.

काल दुपारी मी पुन्हा मोबाईल हातात घेतला तर ती म्हणाली, "राहू दे. ते नाई येत."

"काहून नाई येणार?"

"माह्यावर रागावली ते." आणि मग हळूहळू सगळं सांगितलं. तू जायच्या दिवशी पट्टी बदलताना लय दुखलं, तेव्हा ती तुझ्यावर ओरडली होती. तूच बांधली माही बोटं, तुह्यामुळंच झालं हे. "म्हून ते आली नाई. बोलतबी नाई. तू खोटं सांगून राह्यली, मले समजते. ते आता येतच नाई माह्याकडं."

वनिता, मी इतके दिवस हात सांभाळत होते. पोरगी आतल्या आत काय धरून बसली आहे, ते मला कळलंच नव्हतं. आई मेली हे समजण्यापेक्षा आई आपल्यावर रुसून बसली हे समजणं वाईट, असं मला त्या क्षणी वाटलं. चूक असेन तर तू बघून घे. प्रकाशभाऊंना विचारलं नाही, तुझ्या भासऱ्यांना विचारलं नाही. सिस्टरला बोलावलं, तिनं हात पोटाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या वरून आणखी एक पट्टा आवळला, आणि मी खाटेवर समूला लागून बसले.

आधी मी तिला ते सांगितलं जे तू जाताना वऱ्हांड्यात मला म्हणाली होतीस आणि ज्यावर मी पुन्हा विचारही केला नव्हता. पोट्टी बोलली ते तू मला सांगितलंस तेव्हा तुझे डोळे भरले होते आणि तू हसत होतीस. "बोलली एकदाची, बाई. इतके वर्स झाले, वाट पाहून राह्यलो का हे कवा बोलते म्हून. खरं हाये ना ते. आता कसं हलकं वाटते मले." हे तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. समूनं विचारलं,

"मंग काहून नाई आली?"

"ते येऊ शकत नाई, माय. तुही माय गेली. घरी गेली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीच गेली. छातीत दुखलं तिच्या. मी तुह्याशी खोटं बोललो."

माझे दोन्ही डोळे तिच्या हातावर होते, तोंडावर नव्हते. आता झटका देईल, आता ओढेल. तिचं पोट खालीवर व्हायला लागलं. डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि उजव्या मनगटावर ठेवून दाबला. ओठ इतके घट्ट आवळले की पांढरे पडले. मी म्हटलं, समू, माय, बोल काही तरी.

"मोठी माय, तू धर माहा हात," ती म्हणाली. "पक्का धर. मले जोरानं रडाचं हाये."

मी दोन्ही हातांनी तिचं मनगट तिच्या पोटाशी दाबून धरलं. मग ती रडली, वनिता. आणि तिच्या मागून मी.